पुस्तक अर्धवट परत केलं, म्हणून वाचन सुटत नाही

प्रश्न : ताई, माझं वय 47. भांडुपला राहते, फोर्टात एका ऑफिसात नोकरी करते. लग्नाआधी लालबागला चाळीत असताना आठवड्याला दोन पुस्तकं सहज व्हायची. मग संसार, मुलगा, सासरे आजारी, आणि आता मोबाइल. यंदा हिय्या करून जवळच्या वाचनालयात नाव घातलं आणि सगळे नावाजतात ती एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आणली. चाळीस-पन्नास पानांपुढे जाईना. महिनाभर उशाशी पडून होती. शेवटी दंड भरून परत केली, तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "वाचायचं नव्हतं तर नेलं कशाला? लोक थांबलेत या पुस्तकासाठी." चारचौघांत इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की त्यानंतर पायरी चढले नाही. घरी सासूबाई आहेत, 76 वर्षांच्या. त्यांना वाचायची फार हौस, पण अक्षर लागत नाही. माहेरी 'स्त्री' मासिक यायचं, त्याच्या आठवणी सांगतात. मुलगा नववीत, इंग्रजी शाळेत. मराठी पुस्तक हातात धरत नाही. माझी वर्गणी फुकट चालली आहे. नाव काढून अनामत परत घेऊ का? की पुन्हा सुरुवात करता येईल? आणि केली तर कुठून करू?
– एक वाचक, भांडुप

नमस्कार ताई,

नाव काढू नका. अनामत कुठे पळून जात नाही. ज्या दिवशी मागाल त्या दिवशी, पावती दाखवून, ती तुमचीच आहे. एक कराच, ती पावती नीट जपून ठेवा. आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत, उशीर न करता, पुन्हा ती पायरी चढा.

त्या गृहस्थांबद्दल आधी बोलते, कारण तुमच्या पत्रात खरी ठसठस तीच आहे. उशीर झाला म्हणून दंड घेतला, हे बरोबर केलं. पुस्तकासाठी दुसरं कुणी थांबलं असेल, तर तेही खरं. पण 'नेलं कशाला' हा प्रश्न विचारायचा अधिकार काउंटरच्या पलीकडे बसणाऱ्या कुणालाही नाही. मी स्वतः बरीच वर्षं त्याच बाजूला, देवघेव विभागात बसले आहे, म्हणून हे ठामपणे लिहिते. पुस्तक नेलं, उघडलं, जमलं नाही आणि परत आणलं, यालाच वाचनालय वापरणं म्हणतात. विकत घेतलेलं पुस्तक आवडलं नाही तर पैसे गेले. वाचनालयातलं आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी बदलायचं. या सोयीसाठीच तर आपण वर्गणी भरतो.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल. ग्रंथालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला ते शिकावंच लागतं. 1931 साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला दुसरा सांगतो की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि तिसरा सांगतो की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. म्हणजे ती कादंबरी परत गेली यात कुणाचंच नुकसान नाही. ती तिच्या वाचकाकडे गेली. तुमचं पुस्तक अजून तुमच्यापर्यंत आलेलं नाही, आणि ते आणून देणं हे वाचनालयाचं काम आहे.

आता ते पुस्तक का जमलं नाही, ते पाहू. पंचवीस वर्षांच्या खंडानंतर तुम्ही एकदम सहाशे-सातशे पानांची कादंबरी घेतलीत, तीही 'सगळे नावाजतात' म्हणून. तुमचा वाचायचा वेळ कुठला? पत्रात लिहिलं नाहीत, पण भांडुप ते फोर्ट म्हणजे जाताना पाऊण तास आणि येताना पाऊण तास, आणि रात्री भांडी आवरल्यावर डोळे मिटेपर्यंतची दहा मिनिटं. स्लो गाडीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातात ते वजन पेलायचं, घाटकोपरला गर्दी वाढली की बंद करायचं, आणि मधे तीन दिवस गेले की कोण कुणाचा सरदार तेच आठवत नाही. यात तुमच्या बुद्धीचा किंवा आवडीचा काही दोष नाही. त्या वेळात ते पुस्तक मावत नव्हतं, एवढंच.

म्हणून काउंटरवर गेल्यावर 'चांगलं काहीतरी द्या' असं म्हणू नका. मुंबईतल्या प्रत्येक वाचनालयात संध्याकाळी साडेसहाला हे वाक्य ऐकू येतं आणि त्याला एकच उत्तर मिळतं, हाताशी असलेली नवी कादंबरी. काउंटरवरच्या माणसाला धरायला काहीतरी द्या. एकदा तुमच्याच वयाच्या एक बाई माझ्यासमोर अशाच उभ्या होत्या, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती, गाडी पकडायची घाई. मी विचारलं, पूर्वी वाचलेलं काय आठवतं? म्हणाल्या, नाव नाही आठवत, पण एक मास्तर खेडेगावात जातो. मी विचारलं, रडवणारं चालेल का? म्हणाल्या, अजिबात नको, घरात पुष्कळ आहे. किती पानं? दीडशेच्या आत. तीन प्रश्नांत काम झालं. दोन पुस्तकं समोर ठेवली, त्यांनी उभ्याउभ्या दोन्हींचं पहिलं पान वाचलं आणि एक उचललं. पुढच्या आठवड्यात दुसरंही नेलं.

तुम्हीही असंच करा. चाळीत असताना काय काय वाचलंत ते एका कागदावर लिहून न्या. नावं अर्धवट आठवली तरी चालतील, नुसता विषय आठवला तरी चालेल. काय नको ते आधी सांगा. वेळ किती आहे तेही सांगा. आणि ते गृहस्थ ज्या वेळेला बसतात ती वेळ टाळून, दुसरं कुणी असेल तेव्हा जा. यात कसला कमीपणा नाही. बहुतेक वाचनालयांत सकाळी आणि संध्याकाळी वेगवेगळी माणसं असतात, आणि त्यांतलं एखादं तरी पुस्तकवेडं असतंच. ते कोण, हे दोन-तीन फेऱ्यांत कळतं. एकदा कळलं की त्याला सोडू नका.

आणखी एक गोष्ट, जी नवे सभासद सहसा करत नाहीत. कपाटांकडे जाण्याआधी, आज परत आलेल्या पुस्तकांची चळत बघा. ती काउंटरच्या बाजूच्या टेबलावर नाहीतर ढकलगाडीवर असते, अजून कपाटात लावलेली नसते. 'यातलं एखादं बघू का?' म्हणून विचारलं की कुणी नाही म्हणत नाही. तुमच्याच भागातल्या, तुमच्यासारख्याच गाडीने जाणाऱ्या माणसांनी जे आत्ता वाचून संपवलं, ते तिथे असतं. मग शेवटचं पान उघडा. तिथे तारखांची पट्टी चिकटवलेली असते. शिक्के दाटीवाटीने, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने असतील तर पुस्तक हातोहात फिरतंय. चार दिवसांत परत आल्याच्या नोंदी असतील तर एक तर लोकांनी ते झपाटून वाचलंय किंवा पहिल्याच प्रकरणात टाकलंय; कुठलं ते पानांच्या कडांवरून कळतं. टाकलेल्या पुस्तकाची पहिली वीस पानं मळकी आणि पुढची कोरी असतात. आता काही वाचनालयांत संगणकावर नोंद होते आणि पट्टी गेली. तिथे सरळ विचारायचं, हे बाहेर जातं का?

तुम्ही विचारलंय, कुठून सुरुवात करू. मी तुम्हाला तीनच नावं देते, लांबलचक यादी दिली की माणूस यादीच वाचत बसतो.

पहिलं, व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. 1955 सालचं. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर जातो, एवढीच गोष्ट. पुस्तक लहान आहे, वाक्यं छोटी आहेत, आणि कुठेही थांबून दुसऱ्या दिवशी उचललं तरी धागा सापडतो. विक्रोळी ते भायखळा एवढ्या वेळात एक प्रकरण होतं. शाळेत असताना वाचलं असलं तरी पुन्हा वाचा. तेव्हा मास्तर मोठा वाटला असेल, आता तो तुमच्या मुलापेक्षा थोडासाच थोराड वाटेल, आणि सगळं पुस्तक वेगळं दिसेल.

दुसरं, जयंत पवारांचा कथासंग्रह 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'. याला 2012 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, पण मी तो पुरस्कारासाठी सांगत नाही. तुम्ही लालबागच्या. 1982 च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला तेव्हा तुम्ही लहान असाल. त्यानंतर त्या चाळींचं, भोंग्यांचं, घरात बसलेल्या बापांचं काय झालं हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. या कथा त्या मुंबईतल्या आहेत. हलक्या नाहीत, हे आधी सांगते. रोज एक वाचायची सक्ती करू नका. एखादी कथा वाचली की दोन दिवस दुसरं काही घेऊ नये, अशा आहेत त्या.

तिसरं, गौरी देशपांडे यांचं 'एकेक पान गळावया'. तीन दीर्घकथा. माझं स्वतःचं मत असं, की हे पुस्तक विशी-पंचविशीत वाचून अर्धंच कळतं. चाळिशी ओलांडलेल्या बाईने ते वाचावं. आपण इतकी वर्षं कुणाकुणासाठी काय काय केलं आणि त्यात स्वतःसाठी काय उरलं, हा प्रश्न मराठीत इतक्या मोकळेपणाने फार कमी जणींनी लिहिला आहे.

यातलं एखादं नाहीच जमलं तर बदला. दंड लागायच्या आत बदला, इतकंच.

सासूबाईंचं पाहू. 'अक्षर लागत नाही' हे ऐकून मला आधी मोतीबिंदूची शंका येते. पुस्तकाआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. दहा वर्षांच्या खंडानंतर, शस्त्रक्रिया झाल्यावर पुन्हा पेपर वाचायला लागलेल्या आजी मी वाचनालयात पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यासारखा अधाशी वाचक दुसरा नसतो. डॉक्टरांनी नुसता चश्मा बदलून दिला तर वाचनालयात एक काम करा. एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात, आणि त्यांचा टाइप सारखा नसतो. काउंटरवर सांगा, 'मोठ्या टाइपाची प्रत आहे का, बघून देता?' कपाटापर्यंत जाऊन बघावं लागतं, म्हणून गर्दीच्या वेळी विचारू नका. दुपारच्या शांत वेळी आनंदाने बघून देतात.

आणि हे सगळं होईपर्यंत तुम्ही त्यांना वाचून दाखवा. रोज रात्री दहा मिनिटं. यासाठी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'सारखं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. लग्न झालं तेव्हा लक्ष्मीबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, नवऱ्याने शिकवलं. पुढे त्यांनी जे आत्मचरित्र लिहिलं ते समोर बसून कुणी सांगावं तसं आहे. सासू, सोवळं, नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा, रुसवे, आणि त्यातून धर्मांतराएवढा मोठा घाव. मोठ्याने वाचलं की त्याची खरी गोडी कळते, आणि सासूबाई मधेच थांबवून स्वतःच्या सासूची गोष्ट सांगू लागतील. सांगू द्या. त्या रात्री पुस्तक पुढे नाही सरकलं तरी चालेल.

डॉक्टरांनी जर सांगितलं की नजर आता सुधारणार नाही, तर वरळीला नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, आहे. त्यांचा बोलक्या पुस्तकांचा विभाग आहे. छापील अक्षर वाचू न शकणाऱ्यांसाठी 2016 पासून 'सुगम्य पुस्तकालय' हा इंटरनेटवरचा संग्रहही आहे, त्यात भारतीय भाषांतली पुस्तकं आहेत. दोन्हीकडे नाव नोंदवताना दृष्टीबद्दलचा डॉक्टरांचा दाखला लागतो, तो त्याच वेळी मागून घ्या.

'स्त्री' मासिकाचं वाचून मला फार बरं वाटलं. शंकरराव किर्लोस्करांनी ते 1930 साली सुरू केलं आणि कितीतरी घरांत बायकांच्या नावाने टपालाने येणारी ती पहिली वस्तू होती. जुने अंक बघायचे असतील तर दादर पूर्वेला, नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची मुख्य इमारत आहे. 1898 पासूनची संस्था. तिथला संदर्भ विभाग जुन्या मराठी नियतकालिकांसाठी संशोधक धुंडाळतात. सासूबाईंना विचारा, माहेरी तो अंक साधारण कुठल्या सालांत यायचा. त्या सालांचे बांधीव खंड आहेत का, हे आधी फोन करून विचारून घ्या. असे खंड घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून बघायचे असतात, कारण कागद हाताळला की तुकडे पडतात. त्यांना दादरपर्यंत नेणं झेपणार नसेल तर तुम्ही जा आणि एखाद्या पानाचा फोटो काढायची परवानगी मागा. परवानगी न विचारता मोबाइल काढू नका; त्या लोकांनी ते कागद जिवापाड जपले आहेत.

मुलाबद्दल थोडं वेगळं मत आहे माझं. तो इंग्रजी वाचतोय ना? मग वाचू द्या. वाचणाऱ्या मुलाच्या हातातलं पुस्तक काढून दुसरं देणं यासारखी वाईट कल्पना नाही. त्याला कुटुंब सभासदत्वात घ्या किंवा बालविभागाची वेगळी वर्गणी भरा, ती अगदीच थोडी असते, आणि इंग्रजी कपाटही तिथे असतंच. मराठीसाठी त्याला जयंत नारळीकरांचा एक किस्सा सांगा. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली, पण स्वतःच्या नावाने नाही. आपलं नाव ओळखून बक्षीस दिलं असं होऊ नये, म्हणून जयंत विष्णू नारळीकर यांनी आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतलं. कथेचं नाव 'कृष्णविवर'. पहिलं बक्षीस मिळालं. नववीतल्या मुलाला हे आवडतं. मग 'यक्षांची देणगी' हा त्यांचा कथासंग्रह घरात दिसेल असा ठेवा आणि विषय काढू नका. भाषा सरळ आहे, विज्ञान खरं आहे. नाहीच उचललं तर तुम्ही वाचा.

पुढच्या वर्षी तो दहावीत जाईल. तुमच्या घरात अभ्यासाला शांत कोपरा नसेल, तर वाचनालयाची अभ्यासिका आहे का, तेही आत्ताच विचारून ठेवा. मुंबईत अभ्यासिकेतल्या खुर्च्या जूनपासूनच भरायला लागतात.

तुमची नोकरी फोर्टात आहे, म्हणून आणखी एक. टाउन हॉलच्या आवारात राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. 1954 च्या कायद्यानुसार देशात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यांतलं हे एक; बाकीची कोलकाता, चेन्नई आणि दिल्लीला. गल्लीतल्या वाचनालयात जे मिळत नाही, बाजारातूनही नाहीसं झालंय, ते शोधायला तिथे जावं. आधी वेळ विचारून एखाद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत नुसती चक्कर मारून या. रोजच्या पुस्तकासाठी मात्र घराजवळचंच वाचनालय बरं. वाचनाची सवय टिकते की नाही, हे अंतरावर ठरतं. स्टेशनवरून घरी जाताना वाटेत लागतं ते वाचनालय उत्तम, मग तिथे पुस्तकं थोडी कमी का असेनात.

तुमच्या वाचनालयात पुस्तकं कमी आहेत असं दिसलं, तर मागणी वही मागा. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक लिहा, खाली सभासद क्रमांक आणि सही. पुस्तक निवड करणारी मंडळी ती वही खरंच बघतात. शासनमान्य ग्रंथालयांना 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळतं, आणि त्याचे हप्ते आले की खरेदी होते. तेव्हा सभासदांनी काही मागितलेलंच नसेल तर तेच ते खपाचे चार लेखक येतात. मी पाहिलंय, तीन वेगवेगळ्या सभासदांनी एकच नाव लिहिलं की ते पुस्तक बहुधा येतंच. मैत्रिणींनाही लिहायला सांगा.

आणि दिवाळी अंकांची योजना चुकवू नका. बहुतेक मराठी वाचनालयं दिवाळीच्या सुमारास वेगळी ठरावीक रक्कम घेऊन पुढचे काही महिने अंक बदलून देतात. विकत घ्यायचे म्हटले तर चार-पाच अंकांतच खिसा रिकामा होतो. इथे त्या पैशांत ढीगभर वाचून होतात. पुन्हा वाचायला लागणाऱ्या माणसासाठी यापेक्षा चांगली सोय नाही: एक कथा गाडीत, एक लेख रात्री, कविता सासूबाईंना वाचून दाखवायला, व्यंगचित्रं मुलासाठी. कुठला लेखक आपल्याला मानवतो हेही त्यातूनच कळतं, आणि मग त्याचं पुस्तक मागायला जाता येतं. नावनोंदणी दिवाळीच्या आधी सुरू होते आणि लोकप्रिय अंकांसाठी पहिल्या आठवड्यातच रांग लागते. दसऱ्याच्या सुमारास काउंटरवर चौकशी करा आणि पहिल्याच दिवशी पैसे भरून पावती घ्या.